मॅन्युअलमध्ये सगळंच बोल्ड झालंय, मार्कअप सुधारायला सुरुवात कुठून करू?

कोरंपान:

एका बॅकअप टूलचं मॅन्युअल गेल्या महिन्यात माझ्याकडे आलंय. टूल मुख्यतः टर्मिनलवरून चालतं, सोबत एक छोटा ग्राफिकल इंटरफेसही आहे. मॅन्युअल इंग्रजीत आहे, छापलं तर 300 च्या आसपास पानं होतील, रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये (साध्या मजकुरात खुणा, म्हणजे मार्कअप, टाकून लिहायची पद्धत) लिहिलेलं आणि स्फिंक्सने (त्यातून वेबपानं बनवणारा प्रोग्राम) बिल्ड होतं. सात-आठ वर्षांत ज्याला जसं जमलं तसं त्याने लिहिलंय. माहिती बरोबर आहे, पण फॉरमॅटिंगचा पार गोंधळ झालाय. मेन्यूचं नाव बोल्ड, फाइलचं नाव बोल्ड, कमांड कधी बोल्ड कधी इटॅलिक, वॉर्निंग बोल्ड, आणि कुणाला एखादा शब्द जोर देऊन सांगायचा होता तर तोही बोल्ड. टीप काही ठिकाणी चौकटीत आहे, काही ठिकाणी परिच्छेदात तशीच घुसवलेली. दोन-तीन प्रकरणांत तर हेडिंगच्या जागी बोल्ड ओळ टाकलीय, त्यामुळे ती अनुक्रमणिकेत येतच नाही.

नुसतं दिसायला वाईट असतं तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण गेल्या आठवड्यात एका वापरकर्त्याने कळवलं की मॅन्युअलमधली कमांड जशीच्या तशी कॉपी करून चालवली तर टूल ऑप्शनलाच (कमांडपुढे दोन डॅश लावून लिहितात तो पर्याय) फाइलचं नाव समजतंय आणि "अशी फाइल नाही" म्हणून थांबतंय. बघितलं तर दोन डॅशच्या जागी एकच लांब डॅश पडला होता. तो माणूस गेलेला डेटा परत आणायच्या घाईत होता आणि नेमकं तेव्हा आमच्या मॅन्युअलने त्याला अडवलं, हे मला फार लागलंय.

आता टीममधला एक जण म्हणतो सगळं मार्कडाउनमध्ये न्या, दुसरा म्हणतो अ‍ॅस्किडॉकमध्ये. या दोन्ही तशाच लिहायच्या पद्धती आहेत, मला दोन्ही थोडं थोडं येतं, पण फॉरमॅट बदलून हा गोंधळ जाईल का याची खात्री वाटत नाही. कुणी असं काम केलं असेल तर सांगा, फॉरमॅट बदलू का, आणि नाही तर आहे त्यातच कुठून हात घालू?

अर्धविराम:

फॉरमॅट आत्ता अजिबात बदलू नका. नंतर बदलायचा तर बदला, पण आत्ता बदललात तर हाच गोंधळ उचलून नव्या घरात न्याल आणि वर रूपांतराच्या चुका पडतील त्या वेगळ्याच.

कारण सांगतो. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचं डॉक्युमेंटेशन वर्षानुवर्षं डॉकबुक या टॅगवाल्या फॉरमॅटमध्ये होतं, 2021 मध्ये त्यांनी ते अ‍ॅस्किडॉकमध्ये नेलं. एवढं मोठं काम त्यांना जमलं त्यामागे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, डॉकबुकमध्ये फाइलच्या नावाला वेगळा टॅग असतो, कमांडला वेगळा, ऑप्शनला वेगळा, वापरकर्त्याने टाइप करायच्या मजकुराला वेगळा. म्हणजे सोर्समध्येच लिहिलेलं असतं की ही काय वस्तू आहे. तुमच्या सोर्समध्ये आज फक्त `**` (बोल्डची खूण) आहे. त्यातलं कुठलं बटण आणि कुठली फाइल हे कन्व्हर्टरला कळणार कसं? ते माणसानेच सांगावं लागणार, आणि ते सांगायला आत्ताचा फॉरमॅट पुरेसा आहे.

ही काही नवी गोष्ट नाही. ग्नू प्रकल्पाच्या टेक्सइन्फो या मॅन्युअल लिहायच्या फॉरमॅटमध्ये पहिल्यापासून कोड, कीबोर्ड, फाइल, नमुना, बदलणारा शब्द यांना वेगवेगळ्या कमांड आहेत, छापल्यावर त्यातल्या बऱ्याचशा सारख्याच दिसतात तरी वेगळ्या ठेवल्यात. एचटीएमएलमध्येही 1995 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून कोड, कीबोर्ड, नमुना आणि व्हेरिएबल यांचे टॅग वेगवेगळे आहेत, फक्त आपण ते वापरत नाही. आणि स्फिंक्स तर मुळात पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठीच लिहिलं गेलं, त्याआधी ते डॉक्युमेंटेशन लाटेक या छपाईच्या फॉरमॅटमध्ये होतं आणि 2008 मध्ये इकडे आलं. त्यामुळे सॉफ्टवेअर मॅन्युअलला लागतात ते रोल, म्हणजे ही वस्तू काय आहे ते सांगणाऱ्या खुणा, त्यात तयार आहेत. बटणासाठी जीयूआय-लेबल, मेन्यूतून मेन्यूत जायला मेन्यू-सिलेक्शन, फाइलसाठी फाइल, कळींसाठी केबीडी, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलसाठी वेगळा आणि ऑप्शनसाठी वेगळा. यातला ऑप्शनचा रोल सगळ्यात कामाचा. तो नुसता दिसायला नाही, जिथे त्या ऑप्शनची व्याख्या आहे तिथे तो आपोआप लिंक देतो, आणि व्याख्याच नसेल तर बिल्डमध्ये वॉर्निंग येते. आमच्याकडे हे केल्यावर लक्षात आलं की मॅन्युअलमध्ये चार असे ऑप्शन होते जे टूलमधून कधीच काढून टाकले होते. बोल्डमध्ये ते आणखी कितीही वर्षं तसेच पडून राहिले असते.

सुरुवात अशी करा. एकच प्रकरण घ्या, सगळ्यात जास्त वाचलं जातं ते, आणि त्यातला प्रत्येक बोल्ड आणि प्रत्येक इटॅलिक शोधून एका तक्त्यात उतरवा, शब्द काय आणि ती वस्तू काय. कंटाळवाणं आहे पण त्यातून तुम्हाला तुमच्या मॅन्युअलची खरी यादी मिळते, सहसा सात-आठच प्रकार निघतात. मग त्या सात-आठ प्रकारांना एकेक रोल ठरवा आणि ते एका पानावर लिहून टीमला द्या. एक पान म्हणजे एकच पान, वीस पानांची स्टाइल गाइड कुणी उघडत नाही.

आणि हो, सरसकट शोधा-आणि-बदला करू नका. एकाच चिन्हाचे सात अर्थ झालेत हेच तर दुखणं आहे, मशीनने ते सुटणार नाही. फक्त एक गोष्ट मशीनवर सोडता येईल, ती म्हणजे एकेरी बॅकटिक (` हे चिन्ह). मार्कडाउनची सवय असलेले लोक कोडसाठी एकेरी बॅकटिक टाकतात, रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये कोडला दुहेरी लागतात, एकेरीचं इटॅलिक होतं. तुमच्याकडे कमांड "कधी इटॅलिक" दिसतेय ती बहुतेक यामुळेच.

दोनडॅश:

अर्धविराम यांनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे, मी फक्त त्या डॅशबद्दल लिहिते कारण या प्रकारात मी स्वतः बरेच दिवस घालवलेत.

स्फिंक्समध्ये स्मार्टकोट्स नावाची सोय असते आणि ती आपोआप चालू असते. सरळ अवतरणचिन्हं ती वळणदार करते, `--` चा मधला डॅश करते, `---` चा लांब डॅश करते. गद्यासाठी हे छान आहे, पण ऑप्शनसाठी घातक. मात्र ती कोडच्या आत हात लावत नाही. दुहेरी बॅकटिकमध्ये, कोड ब्लॉकमध्ये, ऑप्शनच्या रोलमध्ये डॅश दोनचे दोनच राहतात. बोल्डमध्ये राहत नाहीत. म्हणजे तुमच्या त्या वापरकर्त्याला जी कमांड मिळाली ती कुणीतरी बोल्डमध्ये किंवा साध्या मजकुरात लिहिलेली होती.

आता सगळे सांगतील की ती सोय बंद करून टाका. उद्या सकाळपर्यंत दुरुस्ती हवी असेल तर करा, त्या माणसासारखा दुसरा अडकायला नको. पण कायमची बंद ठेवण्याआधी तिचा एक उपयोग करून घ्या, ती चालू ठेवून बिल्ड केलेल्या पानांमध्ये लांब आणि मधले डॅश शोधा. ज्या डॅशच्या मागे मोकळी जागा आहे आणि पुढे लगेच अक्षर आहे तो बहुतेक वेळा ऑप्शनच असतो, म्हणजे चुकीचा मार्कअप नेमका कुठे आहे त्याची आयती यादी हातात येते. मला अशी यादी मिळाली तेव्हा एका दिवसात सगळे काढता आले.

मॅन पेज (टर्मिनलमध्येच उघडणारं मदतीचं पान) पण बनवत असाल तर तिथेही बघा. ती पानं लिहितात त्या रॉफमध्ये नुसता `-` म्हणजे शब्द जोडणारं चिन्ह आणि `\-` म्हणजे कमांडमधला डॅश, हा फरक फार जुना आहे, पण कित्येक वर्षं टर्मिनलवर दोन्ही सारखेच दिसायचे म्हणून कुणी पाळला नाही. 2023 मध्ये ग्रॉफची (रॉफचा ग्नू अवतार) 1.23 आवृत्ती आली तेव्हा हा फरक युनिकोड टर्मिनलवर खरोखर दिसायला लागला, आणि काही लिनक्स वितरणांनी जुनीच वागणूक पुन्हा लावून घेतली कारण असंख्य मॅन पेजेस चुकीची लिहिलेली होती. यात नुसती कॉपी बिघडत नाही, पानात ऑप्शन शोधायला गेलं तर सापडतच नाही कारण तुम्ही टाइप करता ते चिन्ह वेगळं आणि पानातलं वेगळं.

कॉपीचाच विषय आहे तर अजून दोन गोष्टी. एक म्हणजे प्रॉम्प्ट, टर्मिनल कमांडच्या आधी दाखवतं ते चिन्ह. कोड ब्लॉकमध्ये ओळीच्या सुरुवातीला `$` ठेवलं आणि वाचणाऱ्याने ते सकट कॉपी केलं तर निदान एरर तरी येतो, पण रूटचा (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा) प्रॉम्प्ट म्हणून `#` ठेवलं तर बहुतेक शेल (कमांड चालवणारे प्रोग्राम) त्या ओळीला कॉमेंट समजतात, काहीच चालत नाही आणि एररही येत नाही. माणसाला वाटतं बॅकअप झाला! बॅकअप टूलच्या मॅन्युअलमध्ये हे मला भयंकर वाटतं. कमांड एका ब्लॉकमध्ये प्रॉम्प्टशिवाय द्या आणि तिचं आउटपुट दुसऱ्या ब्लॉकमध्ये, रूट म्हणून चालवायची असेल तर ते वाक्यात लिहा.

दुसरी गोष्ट, बदलायचे शब्द टोकदार कंसात देऊ नका. `<` आणि `>` हे शेलचेच आहेत. डाव्या कंसाचा अर्थ "या फाइलमधून वाच" आणि उजव्याचा "पुढच्या नावाच्या फाइलमध्ये लिही", आणि लिहिताना तिथे आधी असलेलं पुसलं जातं. कुणी घाईत आतलं नाव बदललं आणि कंस तसेच ठेवले तर काय होईल बघा. स्फिंक्समध्ये सॅम्प आणि फाइल हे दोन्ही रोल महिरपी कंसातला भाग आपोआप तिरका दाखवतात आणि कंस पानावर येतच नाहीत, ते वापरा.

कानानेवाचतो:

मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरने वाचतो, आणि दिवसभर मॅन्युअल्स वाचणं हेच माझं काम आहे, त्यामुळे या धाग्यात लिहायलाच हवं असं वाटलं.

बोल्ड मला कळत नाही. मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, त्यात अक्षर बोल्ड आहे का इटॅलिक हे सांगायची सोय आहे पण ती मुळात बंद असते, आणि चालू केली तर प्रत्येक ओळीत इतकी बडबड होते की अर्थ हरवतो. म्हणजे तुमचे ते सातही प्रकार माझ्यासाठी साधा मजकूर आहेत, वॉर्निंगसुद्धा. "हे चालवल्यावर जुने बॅकअप पुसले जातील" हे वाक्य बाकीच्या वाक्यांसारखंच माझ्या कानावरून निघून जातं. वॉर्निंगच्या डिरेक्टिव्हमध्ये (तशी चौकट बनवणारी स्फिंक्सची खूण) लिहिलंत तर "वॉर्निंग" हा शब्द स्वतः मजकुरात येतो आणि मी थांबतो. फक्त चौकटीचा रंग लाल करून भागत नाही, रंग हा एकटाच खुणेसाठी वापरू नये असं डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमांमध्येही आहे. आणि एक कळकळीची विनंती, वॉर्निंग कमांडच्या आधी लिहा, नंतर नको. डोळ्यांनी वाचणाऱ्याला खालची चौकट एका नजरेत दिसते, मला ती कमांड ऐकून झाल्यावर कळते.

तुमच्या बोल्ड हेडिंगांचंही तसंच. मी पान वरून खाली वाचत नाही, एच दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उड्या मारतो. बोल्ड ओळ माझ्यासाठी हेडिंग नसतेच, त्याखालचं सगळं माझ्यासाठी आधीच्या विभागात गेलं. तुम्हाला ते अनुक्रमणिकेत दिसत नाही, मला ते पानातही सापडत नाही.

कोडबद्दल एक सांगतो. साध्या मजकुरात स्क्रीन रीडर बरीच चिन्हं गाळतो, डॅश, अवतरणचिन्ह वगैरे. कोडचा वेगळा ब्लॉक आला की मी चिन्हं वाचायची पातळी वाढवतो आणि एकेक अक्षर ऐकतो. वाक्यात दडलेली कमांड आली तर हे करायचं हेच मला कळत नाही. आणि टर्मिनलचा स्क्रीनशॉट कृपया देऊ नका. जे मुळात अक्षरांचंच होतं त्याचं चित्र करून माझ्यासाठी ते बंद होतं, शोधणाऱ्यासाठी आणि कॉपी करणाऱ्यासाठीही बंद होतं. ग्राफिकल इंटरफेसचं चित्र द्यायला हरकत नाही, फक्त त्याचा पर्यायी मजकूर "स्क्रीनशॉट" असा नको, त्यात काय बघायचंय ते लिहा.

प्रत्ययकार:

मी भाषांतराच्या बाजूने बोलतो. तुमचं मॅन्युअल इतर भाषांत जाणार आहे का? जाणार असेल तर मार्कअपची साफसफाई भाषांतराच्या आधी उरका. स्फिंक्स भाषांतरासाठी प्रत्येक परिच्छेद एकेक तुकडा म्हणून काढतो आणि त्या तुकड्यात मार्कअपही येतो. तुम्ही पुढे बोल्डचा फाइल रोल केलात, एक शब्दही बदलला नाहीत, तरी तो तुकडा बदलला. मग त्याचं भाषांतर संशयास्पद म्हणून बाजूला पडतं आणि पानावर परत इंग्रजी परिच्छेद यायला लागतो. मी एका प्रकल्पात असं बघितलंय, अर्धं मॅन्युअल एका रात्रीत इंग्रजी झालं आणि आम्हाला एकेक ओळ परत तपासत बसावं लागलं.

मराठीत आणायचं असेल तर एक खास अडचण येते. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये मार्कअप जिथे संपतो त्याच्यापुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतं. आपले विभक्तीप्रत्यय तर शब्दाला चिकटतात. ``कॉन्फिग``मध्ये असं लिहिलं की पार्सरला (मार्कअप वाचणाऱ्या प्रोग्रामला) शेवटचे बॅकटिक दिसतच नाहीत, तो पुढे शोधत जातो आणि वॉर्निंग देतो. उपाय दोन. बॅकटिकनंतर उलटा स्लॅश आणि एक स्पेस टाका, ती स्पेस पानावर दिसत नाही आणि प्रत्यय चिकटून येतो. नाही तर वाक्यच फिरवा, "``कॉन्फिग`` या फाइलमध्ये" असं. मी बहुतेक वेळा वाक्य फिरवतो, कारण वाचायलाही ते बरं लागतं आणि नवीन माणसाला स्लॅशचं कोडं पडत नाही.

हेडिंगखालच्या रेघेचंही लक्षात ठेवा. रेघ हेडिंगइतकी तरी लांब हवी, आणि मोजताना काना-वेलांट्या वेगळ्या धरल्या जातात. स्क्रीनवर बरोबर दिसणारी रेघ आखूड ठरते. मी सरळ दुप्पट लांब ओढतो. तक्तेही रेघा मारून आखू नका, देवनागरीत त्या रेघा कधीच जुळत नाहीत, लिस्ट-टेबल (यादीतून तक्ता बनवणारी सोय) वापरा. आणि इटॅलिकवर अर्थ सोपवू नका, देवनागरीला तिरक्या अक्षराची मुळात परंपराच नाही, बऱ्याच फॉन्टमध्ये सरळ अक्षर नुसतं कलतं केलेलं असतं आणि लहान आकारात ते ओळखूही येत नाही.

कोरंपान:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आठवडाभर थांबून लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं.

"डेटा परत आणणे" हेच प्रकरण घेतलं. त्यात 140 ठिकाणी बोल्ड होतं. तक्ता केला तर प्रकार निघाले आठ, आणि खरोखर जोर देण्यासाठी वापरलेलं बोल्ड फक्त 11 ठिकाणी. स्मार्टकोट्स त्याच दिवशी बंद करून नवीन पानं चढवली, आणि दोनडॅश यांनी सांगितलं तसं माझ्या मशीनवर चालू ठेवून डॅश शोधले, पूर्ण मॅन्युअलमध्ये 37 निघाले, सगळे काढले. त्या वापरकर्त्यालाही कळवलं. `#` वाले प्रॉम्प्ट सहा ठिकाणी होते, त्यातला एक नेमका बॅकअप सुरू करायच्या कमांडला होता, ते वाचून मी थोडा वेळ सुन्न बसलो होतो.

कानानेवाचतो, वॉर्निंग आधी हवी हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नऊ वॉर्निंग वर सरकवल्या. एक पानाची यादी टीमला दिली त्यात हा पहिला मुद्दा आहे.

आता दोन गोष्टी अडल्यात. एक, हे पुन्हा बिघडू नये म्हणून काय करायचं? दोन, मार्कडाउनवाला सहकारी अजून हटून बसलाय, आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये, बाहेरचे लोक दुरुस्ती पाठवतात त्यांना रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट अवघड जातं.

अर्धविराम:

फार छान काम झालंय.

तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं मला पटतं. मार्कडाउन 2004 मध्ये आलं ते वेबवर लिहिणाऱ्यांसाठी, त्यात कमांड आणि फाइल यातला फरक सांगायची सोयच नव्हती, आणि प्रत्येकाने आपापली भर घातल्यामुळे 2014 मध्ये कॉमनमार्क नावाने नेमके नियम लिहावे लागले. पण आता स्फिंक्समध्ये मिस्ट म्हणून मार्कडाउनचा प्रकार चालतो, त्यात हेच सगळे रोल वापरता येतात, आणि एकाच प्रकल्पात काही फाइल्स रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि काही मिस्ट अशा राहू शकतात. तेव्हा साफ झालेलं एखादं प्रकरण त्याला मिस्टमध्ये करून बघू द्या. साफ झालेलंच द्या मात्र.

पुन्हा बिघडू नये म्हणून बिल्डमध्ये वॉर्निंगला एरर माना, स्फिंक्सला तसा ऑप्शन आहे. आज लावलात तर बिल्ड कोसळेल, म्हणून आधी जुन्या वॉर्निंग शून्यावर आणा. लिंक तपासायचा बिल्डर आठवड्यातून एकदा चालवा, रोज नको, बाहेरच्या साइट्स कधीमधी बंद असतात आणि मग लोक त्या एररकडे बघणंच सोडतात. बोल्ड अजिबात लिहू नका असा नियम करू नका, पण बदल तपासताना नवीन `**` दिसला की "ही वस्तू काय आहे" एवढं विचारा.

अजून एक, सोर्समध्ये दर वाक्य नव्या ओळीवर लिहायला लागा. पानावर काही फरक पडत नाही, पण बदल तपासताना नेमकं कुठलं वाक्य बदललं ते दिसतं, पूर्ण परिच्छेद लाल-हिरवा होत नाही. ब्रायन कर्निघनने 1974 मध्ये युनिक्स शिकणाऱ्यांना हाच सल्ला दिला होता, तेव्हा कारण एडिटरमध्ये ओळ दुरुस्त करणं सोपं जावं हे होतं. फक्त हे ओळी तोडायचं काम आणि मजकुरातली दुरुस्ती एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) घालू नका, तपासणाऱ्याला काहीच कळणार नाही.

कोरंपान:

हे सगळं करतो. शेवटचं एक विचारतो, टूलने स्वतः छापलेले एरर मेसेज वाक्यात द्यायचे तर कुठला रोल? आमच्या तक्त्यात तोच एक प्रकार बेवारस राहिलाय.

दोनडॅश:

सॅम्प. एचटीएमएलमध्ये त्या टॅगचा अर्थच प्रोग्रामचं आउटपुट असा आहे. फक्त मेसेज टूल छापतं तसाच्या तसा ठेवा, त्याचं स्पेलिंग चुकलेलं असलं तरी मॅन्युअलमध्ये सुधारू नका, लोक तोच मजकूर शोधत येतात. चूक टूलमध्ये दुरुस्त करा आणि त्याच कमिटमध्ये मॅन्युअल बदला.